विषय: रत्नागिरी ब्रांचचं रेप्लिकेशन बंद, तुमचं तिकीट मात्र 'रिझॉल्व्ह्ड'

आत्ताच तुमच्या सपोर्टचा फोन ठेवला, म्हणून हे थेट मॅनेजमेंटला. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची अकाउंट आणि पासवर्ड सांभाळणारी सिस्टीम) काय असते हे निदान तुम्हाला तरी समजवावं लागू नये.

तुमच्या माणसाने रत्नागिरीचा फायरवॉल बदलला तेव्हापासून पुण्याच्या डोमेन कंट्रोलरवरचा (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरचा) एकही बदल तिकडच्या सर्व्हरवर जात नाहीये, म्हणजे रेप्लिकेशन ठप्प. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंट इकडे डिसेबल केलं, तिकडे गोडाऊनच्या पीसीवर अजून आरामात लॉगिन होतंय. बिलिंगच्या मॅडमचा पासवर्ड इकडे रिसेट केला, तिकडे जुनाच चालतो. रेपॲडमिनचा (रेप्लिकेशन तपासायच्या कमांडचा) आउटपुट मेल केलाय, एरर १७२२, म्हणजे 'आरपीसी सर्व्हर मिळत नाही', ढळढळीत दिसतोय, उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही.

आता आजचा फोन. मी म्हटलं, पोर्ट बघा. तर "सर, पिंग जातोय ना? मग लिंक ओके आहे." अहो पिंगने पासवर्ड जातो का? रेप्लिकेशन आरपीसीवर (सर्व्हरने सर्व्हरशी बोलायच्या पद्धतीवर) चालतं, तुम्ही फायरवॉलमध्ये नुसता १३५ पोर्ट उघडा ठेवलाय आणि पुढचं बोलणं जिथून होतं ती ४९१५२ ते ६५५३५ सगळी रेंज बंद. थोडा वेळ शांतता. मग, "सर, एकदा पीसी रिस्टार्ट करून बघता का?" कुठला पीसी? "जो प्रॉब्लेम देतोय तो." म्हटलं प्रॉब्लेम तुम्ही देताय, तुम्हाला रिस्टार्ट कसं करू? त्यावर शांतपणे, "सर, दोन साइटमध्ये डिफॉल्ट १८० मिनिटं लागतात, तीन तास वाट बघा." आमच्या साइट लिंकवर १५ मिनिटं सेट आहेत, तुम्हीच केलीयेत, आणि फायरवॉल बदलला गेल्या महिन्यात! एव्हाना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून एसटीच्या कंडक्टरकडे दिला असता तरी पोचला असता. फोन ठेवतोय तोवर मेसेज, तिकीट रिझॉल्व्ह झालं, रेटिंग द्या.

परत सांगतो, सोडून गेलेला माणूस अजून लॉगिन करू शकतोय. उद्या डेटा गेला तर जबाबदार कोण? आणि टूम्बस्टोनचे (डिलीट केलेल्या गोष्टींची नोंद ठेवायच्या मुदतीचे) १८० दिवस उलटले की रत्नागिरीचा सर्व्हर नुसता पोर्ट उघडून परत जोडता येणार नाही, मग लिंगरिंग ऑब्जेक्ट (इकडे डिलीट होऊनही तिकडे उरलेल्या नोंदी) साफ करायचं वेगळं बिल लावाल, तुमची सवय माहितीये.

तुमची कंपनी लहान होती तेव्हापासून एएमसी (वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट) तुमच्याकडे आहे, तेव्हा मालक स्वतः फोन उचलायचे. सोमवारपर्यंत रेप्लिकेशन सुरू झालं नाही तर रिन्यूअल विसरा, वकिलाची नोटीस येईल ती वेगळी. माणूस पाठवाल तो फायरवॉलचे रूल वाचता येणारा पाठवा, पिंग आमचं आम्हाला करता येतं.