पोर्तार्से आणि आपलं वागवणं

माद्रिद, 8 जानेवारी

प्रिय दिनू,

मुक्ता स्पॅनिश शिकायला लागली हे वाचून फार बरं वाटलं. 'नीट वाग' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं, शब्दकोशात तर दोन-तीन शब्द दिसतात, असं तिनं विचारलंय. उत्तर जरा लांबेल, पण तिला सगळं वाचून दाखव.

कोम्पोर्तामिएन्तो म्हणजे आपलं 'वर्तन'. माणसाचं असतं, माकडांचं असतं, बाजारभावाचं आणि तापवलेल्या लोखंडाचंही असतं. कोन्दुक्ता हा शाळेच्या शेऱ्यातला आणि तुरुंगातला शब्द. कैद्याची वर्तणूक चांगली असली की त्याची नोंद होते, ती ही. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण घरात पोराला दटावताना ते तोंडात येत नाहीत.

घरातला शब्द पोर्तार्से. आई शाळेच्या फाटकाशी पोराचा हात सोडते आणि म्हणते, 'पोर्ताते ब्येन', नीट वाग हं. जोर पहिल्या 'पोर्'वर. मुक्ताच्या बाई अर्जेंटिनाच्या आहेत म्हणतोस, तर त्या 'ता'वर जोर देतील, तेही बरोबरच. परवा 5 तारखेच्या रात्री इथे येशूच्या जन्मकथेतले तीन राजे मुलांना भेटी ठेवून गेले. त्याआधी मुलं त्यांना पत्र लिहितात, आणि त्यात हटकून एक वाक्य असतं: 'या वर्षी मी खूप चांगला वागलो', मे ए पोर्तादो मुय ब्येन. न वागणाऱ्याला कोळसा मिळतो. मिठाईच्या दुकानात तो साखरेचा, काळाकुट्ट, खडबडीत, छोट्या पिशवीत बांधलेला असतो. चाखला तर नुसती साखर.

पण मला हा शब्द खरा कळला तो जिन्यात. आम्ही लावापिएस या वस्तीतल्या जुन्या इमारतीत राहतो, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजी पाच लिटरचा तेलाचा कॅन आणि बटाट्यांची पिशवी घेऊन खालच्याच पायरीवर बसल्या होत्या. मी दोन्ही वर नेऊन ठेवलं. दारात माझ्या दंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, 'ते आस पोर्तादो.' शब्दशः 'तू वागलास'. पुढे 'चांगलं' वगैरे काही नाही! म्हणजे वेळेला उभा राहिलास, माणसासारखा वागलास. कोणाशी ते सांगायचं तर 'कोन' लावतात: से पोर्तो मुय ब्येन कोन्मीगो, तो माझ्याशी फार चांगला वागला.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पोर्तार म्हणजे मुळात वाहून नेणं, लॅटिनमधून आलेलं. (रोजच्या ओझ्याला इथे येवार म्हणतात, पोर्तार आता शस्त्र बाळगण्यासारख्या कागदी भाषेत उरलाय.) त्याला 'से' लावलं की स्वतःला वाहणं, म्हणजे वागणं. आणि आपण काय म्हणतो? 'एवढं ओझं वागवत कुठे निघालास?' आणि 'सुनेला लेकीसारखं वागवलं.' तोच शब्द, दिनू! कुठे स्पॅनिश, कुठे मराठी, पण दोघींना ओझं आणि वागणूक एकाच धातूत ठेवावीशी वाटली. त्या जिन्यात हे सुचलं तेव्हा मी कॅन धरून क्षणभर थांबलोच होतो.

मुक्ताला सांग, या क्रियापदातलं 'से' कधी गाळू नकोस. मे पोर्तो, ते पोर्तास, से पोर्ता: मी, तू, तो. मोठ्या माणसाला 'पोर्तेसे', पण ते सहसा गमतीतच म्हणतात.

आणि एक तुला. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी इथे अडकलो होतो आणि तू अकरा रात्री दवाखान्यातल्या बाकावर काढल्यास. आभार मानले तर तू रागावशील, म्हणून चार वर्षं गप्प होतो. इथल्या आजींचा शब्द उसना घेतो, जुन्या गोष्टीसाठी तो असा होतो: ते पोर्तास्ते, दिनू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिरीष