समुपदेशक नंतर नेमा, आधी पाळीचा तक्ता तपासा

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत आता कामगारांच्या मानसिक आरोग्याचे फलक दिसू लागले आहेत. मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात एखादे व्याख्यान होते, जूनमध्ये योगासने. त्याला आमचा विरोध नाही. पण व्याख्यान संपवून माणूस ज्या पाळीवर परत जातो, तिथले काहीच बदललेले नसते. ताण कामाच्या आखणीतून तयार होतो आणि ही आखणी कारखान्याच्या दप्तरात असते: पाळीचा तक्ता, ओव्हरटाइमचे रजिस्टर, कपातीच्या नोंदी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीत हे कागद या नजरेने पाहिले जावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

फाउंड्रीचेच (ओतशाळेचेच) बघा. एसजी आयर्नचा (गोलाकार ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाचा) जॉब असला की लॅडलमध्ये (वितळलेला धातू नेण्याच्या भांड्यात) मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यापासून साधारण 8 ते 10 मिनिटांत धातू साच्यात उतरावा लागतो. उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर ओसरतो, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि कास्टिंग बाद होते. धातू 1400 अंशांच्या आसपास आणि नेमकी तेव्हाच साचे बनवणारी मोल्डिंग लाइन अडते. ओतणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. धातू पिग करायचा, म्हणजे साच्याऐवजी बाजूला ओतून गोठवायचा, आणि सुपरवायझरचे बोलणे खायचे, नाहीतर तसाच ओतून टाकायचा आणि पुढे मशीनशॉपमधून रिजेक्शन आले की पगारातली कपात सोसायची. लाइन त्याच्यामुळे अडलेली नसते, पण ठपका त्याच्यावरच येतो.

यावर उपाय समुपदेशनाचा नाही, कामाच्या पद्धतीचा आहे. ओतायला किती साचे तयार आहेत ते मोजल्याशिवाय मॅग्नेशियमची प्रक्रिया सुरू करायची नाही. लाइन अडली की भट्टीपाशी दिवा लागला पाहिजे. किती मिनिटांनंतर ओतायचे नाही हे फळ्यावर लिहायचे, आणि त्यानंतर पिग करण्याचा अधिकार ओतणाऱ्यालाच, कोणालाही न विचारता. असा पिग केलेला धातू त्याच्या नावावर मांडायचा नाही. या सगळ्याचा खर्च एक दिवा आणि एक फळा. कपातीबद्दल तर कायदा आधीपासून स्पष्ट आहे: नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले हे दाखवल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय पैसे कापता येत नाहीत. ठेकेदाराच्या कामगारांबाबत हे पाळले जाते का, ते एका महिन्याच्या पगारपत्रकावरून कळेल.

आता पाळ्यांकडे. वर्षानुवर्षे रात्रीची वीज स्वस्त पडत होती, त्यामुळे भट्टी रात्री चालवायची सवय उद्योगाला लागली आहे. रात्रपाळी टळणार नसेल, तर निदान ती नीट लावता येते. पहिली, मग दुसरी, मग तिसरी असा पुढे सरकणारा क्रम शरीराला झेपतो. उलटा क्रम झेपत नाही. सलग सात रात्रींपेक्षा दोन-तीन रात्री बऱ्या. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे रात्री 11 ला दुसरी पाळी सोडून सकाळी 7 ला पहिलीला हजर व्हायचे. कागदावर मध्ये 8 तास दिसतात. पन्हाळ्याकडच्या किंवा राधानगरी रस्त्यावरच्या गावातून दुचाकीने ये-जा करणाऱ्याचे जाण्यायेण्याचे दोन तास, जेवण आणि आंघोळ वजा केली, तर झोपेला चार-साडेचार उरतात. त्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असेल, तर उसाला पाणी पाजायला तोच उठतो. रिलिव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही म्हणून ‘डबल’ मारणाऱ्याचे 16 तास आणखी वेगळे.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर आणि तिमाही ओव्हरटाइमची 115 वरून 144 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती त्यात बंधनकारक आहे. पण भरतीच्या दिवशी इतर कागदांबरोबर सही करून घेतलेली संमती आम्ही संमती मानत नाही. ती दर तिमाहीला नव्याने घ्यावी आणि नकार देणाऱ्याची पाळी किंवा काम त्या कारणाने बदलू नये, असे नियमात लिहावे. दोन पाळ्यांमध्ये किमान 11 तासांची सुट्टी हवी. युरोपीय संघात ही अट फार आधीपासून आहे. 12 तासांच्या पाळीत अर्धा तास चार्ज देण्याघेण्यात आणि दोन तास प्रवासात गेले, तर घरी साडेनऊ तास मिळतात. सुट्टी 11 तासांहून कमी झालेली चालणार नाही.

मोजमापाबद्दल दोन शब्द, कारण घोळ इथेच होतो. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने कामावरच्या ताणाच्या सहा बाबी ठरवल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचे नियंत्रण, पाठबळ, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची पद्धत. त्यावरची 35 प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. कामावरच्या मानसिक आरोग्यासाठीचे आयएसओ 45003 हे मार्गदर्शक मानक 2021 मध्ये आले. साधने तयार आहेत. पण प्रश्नावली सुपरवायझरने वाटली आणि त्यानेच गोळा केली, तर सगळे ‘उत्तम’वर टिक करतात. पगारवाढीच्या कराराच्या तोंडावर घेतली, तर सगळे उलटे. निकाल फळ्यावर लागला नाही, तर पुढच्या वर्षी कोरे कागद परत येतात. म्हणून सुरुवात असलेल्या नोंदींपासून करावी. प्रथमोपचार रजिस्टरमध्ये इजेची वेळ आणि त्या माणसाचा पाळीतला कितवा तास, एवढे दोन रकाने वाढवा. सोबत विनापरवाना गैरहजेरी, आणि रुजू झाल्यापासून 90 दिवसांत काम सोडून गेलेले ठेक्याचे कामगार, विभागवार. सुरक्षा समितीपुढे दर तिमाहीला हे एक पान आले, तर कोणता विभाग माणसे खातो ते प्रश्नावलीशिवाय दिसेल. प्रश्नावली त्यानंतर, निनावी, मराठीत, 10 पेक्षा कमी माणसांचा विभाग दुसऱ्यात मिसळून.

समुपदेशक नेमायचाच असेल, तर त्याची खोली एचआरच्या केबिनशेजारी नको. तिथे कोणी पाय ठेवत नाही. त्याने व्यवस्थापनाला फक्त आकडा द्यावा, नाव कधीच नाही. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा 14416 वर 24 तास मोफत आहे, मराठीतही. हा क्रमांक ठेक्याच्या कामगारांसह सर्वांच्या ओळखपत्रामागे छापणे आजही शक्य आहे.

गंभीर अपघातानंतरचे तर ठरलेले असे काहीच नसते. तासाभरात लाइन चालू होते आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत घडले त्यांनाच जागा धुवायला लावतात. ती तुकडी त्या पाळीपुरती कामावरून मोकळी करावी, पूर्ण पगारी. काय घडले ते त्याच दिवशी तिला खरे सांगावे, सफाई दुसऱ्यांकडून करून घ्यावी. तिसऱ्या दिवशी आणि महिन्याने प्रत्येकाची विचारपूस व्हावी. सगळ्यांना एकत्र बसवून प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची एकदाच होणारी बैठक मात्र टाळावी. जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करत नाही.

कारखान्यांच्या यादीतल्या 29 अधिसूचित व्यावसायिक आजारांत सिलिकोसिस आहे, बहिरेपण आहे, एकही मानसिक आजार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 च्या यादीत तो गट घातला. यादी केंद्राची असली, तरी राज्याने तशी शिफारस पाठवायला हरकत नसावी.

राहिली इचलकरंजी. यंत्रमागाच्या शेडमध्ये 12 तासांची पाळी, पिकावर (मागाने टाकलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) मजुरी, आणि आवाज इतका की शेजारच्याशी बोलता येत नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांच्या नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा 20 कामगार झाल्याने लहान शेड कारखाना म्हणून निरीक्षकाच्या कक्षेत येत नाहीत. तिथे तपासणीची भाषा कामाची नाही. राज्य कामगार विमा योजनेचे दवाखाने आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांनी मिळून आठवड्यातून एक संध्याकाळ, पाळी बदलण्याच्या वेळेला, यंत्रमाग भागातच आरोग्य तपासणी ठेवावी. कामगाराला दिवस बुडवून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावे लागले, तर तो जाणार नाही.

वर सांगितलेल्या नोंदींच्या त्या एका पानाचा मसुदा आम्ही करून देऊ शकतो. संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयाने तो सहा महिने दहा कारखान्यांत वापरून पाहावा, अशी विनंती आहे.

आपले,
कोल्हापूर परिसरातील कारखान्यांत सुरक्षा आणि व्यावसायिक आरोग्याचे काम करणारे काही जण