यंत्रमागाची दुरुस्ती कोणाच्या हाती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि स्वयंचलित यंत्रे यांच्यामुळे किती रोजगार जातील व किती नवे निर्माण होतील, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेले दोन्ही लेख मी लक्षपूर्वक वाचले. दोघाही लेखकांनी दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात यंत्रे फोडणाऱ्या कामगारांपासून सुरुवात केली आणि ‘बदल स्वीकारलाच पाहिजे’ येथे येऊन लेख संपवला. आमच्याकडे बदल स्वीकारता का, असे विचारायला कोणी येत नाही. तो एके दिवशी ट्रकमधून शेडच्या दारात उतरतो. इचलकरंजीत बत्तीस वर्षे खर्चीने, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर, कापड विणून दिलेला यंत्रमागधारक म्हणून मला या चर्चेत एक प्रश्न राहून गेलेला दिसतो. दारात उतरलेले यंत्र उद्या बंद पडले, तर ते उघडण्याची मुभा कोणाकडे असणार आहे?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने बसवला. त्या वेळी मुंबईत कापडगिरण्या सुरू होऊन जवळपास अर्धे शतक लोटले होते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या गिरणीपासून तिथे जे उभे राहिले, त्याला मोठे भांडवल, बॉयलर, चिमणी आणि हजारांनी कामगार लागत. आमच्या गावात मात्र तोच माग चार-सहाच्या संख्येने पत्र्याच्या शेडमध्ये, कित्येकदा घराच्या मागच्या पडवीत आला. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांनी विकत घेतले आणि चालवून दाखवले. हे शक्य झाले, कारण बिडाचा आणि लाकडाचा तो माग डोळ्यांनी समजत होता. दांडा का हलतो, आडवे सूत नेणारा धोटा कोणत्या क्षणी सुटतो, उभ्या सुतांची वही (चौकट) केव्हा उचलली जाते, हे शेजारी उभे राहून चार महिने पाहिले की कळत असे. तुटलेला भाग गावातल्या कारखान्यात नेऊन तसाच ओतून घेता येई. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही बाहेरून आलेली ऑइल इंजिने दुरुस्त करता करताच ती बनवणारे कारागीर तयार झाले. आपल्या भागातल्या औद्योगिक प्रगतीचा मोठा हिस्सा असा दुरुस्तीच्या ओट्यावर घडलेला आहे, आणि प्रगतीच्या इतिहासात त्याची नोंद सहसा होत नाही.

माझे वडील जॉबर, म्हणजे शेडमधले माग जुळवून देणारे व दुरुस्त करणारे कारागीर, होते. शेडमध्ये चोवीस माग एकदम चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागे. पण त्या गदारोळातून चालत जाताना वडील मध्येच थांबत, एका मागाच्या चौकटीवर पालथा हात ठेवत आणि कामगाराला खुणेने माग बंद करायला सांगत. धोट्याला धक्का देणारा पिकर झिजलेला असे, नाहीतर धोट्याच्या पेटीचा एखादा बोल्ट अर्ध्या सुताने ढिला झालेला असे. त्यांच्या खिशात एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि सुताचा गुंडा एवढेच असायचे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे.

आता ज्या यंत्रयुगाचे आपण कौतुक करतो, त्याचाही उगम मागाजवळच आहे. जपानच्या साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण स्वयंचलित माग तयार केला. सूत तुटले की तो आपणहून थांबे, आणि धोट्यातली सुताची कांडी संपत आली की न थांबता धोटा बदलून घेई. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंड देऊन घेतले. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणाऱ्या त्या बलाढ्य कंपनीला जपान्याकडून माग शिकावा लागला, आणि तोयोदांच्या घराण्यातून पुढे टोयोटा ही मोटार कंपनी निघाली. त्याच सुमारास, १९२८ साली, मुंबईत काय चालले होते? कार्यक्षमतेच्या नावाखाली दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, असा काही मालकांचा आग्रह होता, आणि त्यातून पेटलेला संप जवळपास सहा महिने चालला. तिकडे माग बदलला, इकडे माणसाच्या धावपळीत भर पडली; दोन्हीला नाव मात्र ‘कार्यक्षमता’ हेच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे पुन्हा लिहीत नाही. गिरण्यांच्या यंत्रांत वेळेवर पैसा घातला गेला नाही, ही गोष्ट मात्र त्या संपाच्या खूप आधीची आहे.

सूत तुटताच साधा माग थांबवणारी जोडणी बसवून घेण्यासाठी केंद्र सरकारच्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत अनुदान होते. ती योजना २०१७ ची. म्हणजे तोयोदांची कल्पना आमच्या साध्या मागापर्यंत सरकारी मदतीने पोहोचायला नव्वदेक वर्षे लागली. तोवर ते काम कामगाराच्या डोळ्यांनी केले.

जुन्या मागाची आरती ओवाळण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. त्या मागाने वडिलांचे कान साठीच्या आत निकामी केले. उडालेल्या धोट्याने जखमी झालेली माणसे मी पाहिली आहेत, आणि बारा तासांच्या पाळीनंतर शेडबाहेर येऊन नुसते उभे राहणारे कामगार रोज पाहिले आहेत. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिके, म्हणजे आडव्या सुताच्या फेऱ्या, घालतो, तर हवेच्या झोताने आडवे सूत फेकणारा एअरजेट त्याच्या चौपट-पाचपट वेगाने चालतो आणि कापडही निर्दोष देतो. इंचाला ५२ पिकांच्या कापडाची मजुरी मीटरला किती पैसे, या हिशोबावर संसार करणाऱ्याने या वेगाकडे पाठ फिरवून चालणारच नव्हते. (गंमत अशी की जपानमधल्या काही डेनिम विणणाऱ्यांनी धोट्याचे जुने माग जपून ठेवले आहेत, कारण धोटा परत फिरताना कापडाचा काठ जसा बांधला जातो तसा नव्या मागावर बांधला जात नाही, आणि त्या काठासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. आमचे साधे माग भंगारवाल्याने किलोवर नेले.)

त्या भंगाराच्या पैशात कर्जाची भर घालून मुलाने चार जुने रेपिअर, म्हणजे धोट्याऐवजी पट्टीने आडवे सूत ओढून नेणारे, माग घेतले. मागच्या पावसाळ्यात त्यांतला एक बंद पडला. पडद्यावर चार आकडी खूण आली, आणि तिचा अर्थ सांगणारे पुस्तक यंत्राबरोबर आलेलेच नव्हते. आमच्या गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार मुलगा येऊन पाहून गेला. पण पुढच्या पानावर जायला सांकेतिक शब्द लागत होता आणि तो यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडेच होता. तो माणूस अकराव्या दिवशी आला. त्याने शब्द घातला, मागची पेटी उघडली, एक कार्ड बाहेर काढून त्याचे पाय ब्रशने साफ केले आणि परत बसवले. माग सुरू झाला. सूत उडून साचलेला मेण-धुळीचा थर, एवढेच निमित्त होते. वीस मिनिटांच्या या कामाचे शुल्क आणि येण्याजाण्याचा खर्च आम्ही दिला. शिवाय अकरा दिवसांची मजुरी बुडाली आणि उशीर झाला म्हणून व्यापाऱ्याने कापले ते वेगळेच. तो तंत्रज्ञ मुलगा सभ्य होता. सांकेतिक शब्द सांगितला तर त्याची नोकरी जाईल, असे त्यानेच सांगितले.

वडिलांच्या वेळी यंत्र मालकीचे झाले की त्याची विद्याही हळूहळू मालकीची होत असे. आता यंत्राचे हप्ते आम्ही फेडतो आणि त्याची विद्या कुलपात राहते. पुढच्या काळात कापडातला दोष कॅमेऱ्याने ओळखणारी आणि कोणता भाग झिजत आला आहे हे आधीच सांगणारी यंत्रे सर्रास होतील, काही ठिकाणी ती आलीही आहेत. पालथ्या हाताने बोल्ट ओळखणाऱ्या जॉबरचे काम तेव्हा यंत्रातला संवेदक करील. त्याला हरकत नाही. परंतु त्या संवेदकाला काय कळले, हे आधी मालकाला आणि जॉबरला समजणार की परगावच्या कंपनीला, हे आजच ठरवून घ्यावे लागेल. यंत्रे उतरून घेतल्यावर ठरवायला गेलो तर आमच्या हातात काही उरलेले नसेल.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. १९९९ पासून २०२२ पर्यंत तंत्रज्ञान उन्नयन निधीतून, वेगवेगळ्या रूपांत, वस्त्रोद्योगाला नव्या यंत्रांसाठी साहाय्य मिळत होते. पण त्याचा सगळा भर खरेदीवर होता. यंत्र घेतलेत का, पावती दाखवा, असा तो व्यवहार. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ हा विषय हाती घेतला आणि शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. ही निवड योग्यच आहे. मात्र लहान उद्योजकाचे यंत्र त्यात नाही. बिघडलेल्या फोनमुळे गैरसोय होते, बिघडलेल्या मागामुळे चूल बंद पडते, हा फरक त्या विभागाच्या ध्यानात कोणीतरी आणून दिला पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, यापुढे सार्वजनिक पैशातून ज्या यंत्राच्या खरेदीला अनुदान किंवा व्याजात सवलत मिळेल, त्या यंत्राच्या विक्रेत्यावर काही अटी घालाव्यात. बिघाडाच्या खुणांचे पुस्तक मराठीत व हिंदीत द्यावे, दुरुस्तीचा सांकेतिक शब्द मालकाच्या नावे करावा आणि सुटे भाग व कार्डे ठरावीक वर्षांपर्यंत खुल्या बाजारात उपलब्ध ठेवावीत. जुनी यंत्रे आणून विकणाऱ्यांनाही हे लागू व्हावे, कारण आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये नवे कोरे यंत्र क्वचितच येते. दुसरे असे की, डीकेटीईसारखी वस्त्रतंत्र शिकवणारी संस्था आमच्या गावातच आहे. तिथल्या आणि आयटीआयच्या कार्यशाळांचे दरवाजे पन्नाशीच्या जॉबरला संध्याकाळी सहानंतर उघडावेत. त्याला पदवी नको आहे. पाना धरलेल्या हाताला मल्टिमीटर धरता आला, तर अकरा दिवसांचे काम त्याच दिवशी होईल.

पुरवणीतील लेखकांनी पुढच्या लेखासाठी इकडे जरूर यावे. चौथा रेपिअर सध्या पुन्हा बंद आहे. पडद्यावर या वेळी वेगळी खूण आली आहे, आणि कंपनीचा माणूस गुरुवारी येतो म्हणाला आहे.

आपला नम्र,
एक यंत्रमागधारक वाचक, इचलकरंजी