काका, आमच्या वर्गाचे परीक्षक झालात त्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. खासगीत आभार मानले असते तर तुम्ही नेहमीसारखं "असू द्या हो मॅडम" म्हणून विषय बदलला असतात. शिवाय तुमच्यासारख्या, डोळ्यांनी दिसत नसताना वर्षानुवर्षं धंदा चालवणाऱ्या माणसांना वर्गात बोलवायचा विचार करणाऱ्या इतर प्राध्यापकांच्याही हे नजरेखालून जावं असं वाटतं. (मोबाइल तुम्हाला हे वाचून दाखवेलच. तुम्ही लावता त्या वेगात मला माझंच मराठी कळणार नाही, तो भाग वेगळा.)

आमच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला सहाय्यक तंत्रज्ञान, म्हणजे दिव्यांगांच्या रोजच्या कामाला मदत करणारी साधनं घडवण्याचा ऐच्छिक विषय सुरू झाला, तेव्हा अभ्यासक्रमात एक ओळ होती, 'समाजाचा सहभाग'. अशा ओळींचं पुढे काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या संस्थेला भेट, खाऊवाटप, गटाचा फोटो आणि अहवालात एक पान. तिकडे अमेरिकेत एमआयटीमध्ये सेथ टेलर यांनी २०११ मध्ये या विषयाचा कोर्स सुरू केला. त्यात मुलांचा प्रत्येक गट आसपास राहणाऱ्या एका दिव्यांग व्यक्तीबरोबर सत्रभर काम करतो. आपल्या आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन ही काठीसुद्धा अंध लोकांना बरोबर घेऊनच घडली आणि २०१४ मध्ये बाजारात आली. मला तसं काही करायचं होतं. तुमच्याकडे आले तर तुम्ही उदबत्तीचे पुडे लावता लावता ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "येतो की. पण पाहुणा म्हणून नाही. रिक्षाचं भाडं आणि तासाचे पैसे द्यायचे. तेवढा वेळ माझा धंदा बंद असणार."

काका, या अटीबद्दल तुमचे पहिले आभार.

कारण त्यानंतर जे झालं ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नव्हतं. मानधनाच्या फॉर्मवर शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता. नेट, सेट की पीएच.डी.? पीसीओचा पिवळा डबा बरीच वर्षं चालवला, तो धंदा बसल्यावर त्याच जागी पापड-मसाल्यांचा स्टॉल टाकला, हे कुठे लिहायचं? अकाउंट्समधून उत्तर आलं की अशा खर्चाला हेड नाही, 'लाभार्थी' दाखवलंत तर प्रवासखर्च तेवढा निघेल. हे तुमच्या कानावर घातलं तेव्हा तुम्ही शांतपणे विचारलंत, "लाभ कुणाला होणारे? मुलांना ना? मग त्यांना दाखवा लाभार्थी." मी हे वाक्य जसंच्या तसं बैठकीत सांगितलं. दोन-तीन जण हसले, आणि शेवटी 'तांत्रिक सल्लागार' म्हणून व्हाउचर निघालं. लेखी परीक्षेबाहेरच्या गुणांतले काही गुण तुमच्या हातात असावेत, ही दुसरी अटही मग फार न ताणता मान्य झाली.

पहिल्या तासाला मी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा २०२२ चा अहवाल सांगत होते. जगात २५० कोटींहून जास्त लोकांना एखाद्या तरी सहाय्यक साधनाची गरज आहे, आणि त्यात चष्माही धरला आहे. मागच्या बाकावरून तुम्ही विचारलंत, "वर्गात चष्मेवाले किती?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. हे तुम्हाला सांगितल्यावर म्हणालात, "म्हणजे सगळे आपलेच भाऊबंद." त्या क्षणापासून मुलं तुमच्याशी बिचकत बोलायची थांबली.

पण खरी शिकवणी स्टॉलवर झाली. तुम्ही गल्ल्यातल्या नोटा काढून मुलांच्या हातात दिल्यात आणि डोळे मिटायला लावलेत. आधीच्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. बोटांना दहा मिलिमीटरचा फरक सहज कळायचा. नव्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. फरक चारच मिलिमीटरचा, आणि रुंदी तिन्हींची ६६. त्यात शंभराची जुनी नोट अजून फिरतेच आहे, आणि ती नव्या पाचशेपेक्षा लांब! ती तुम्ही रुंदीवरून ओळखता, कारण ती ७३ मिलिमीटर आहे. शंभरावरचा उठावाचा त्रिकोण, पाचशेवरचं वर्तुळ, कडेच्या तिरक्या रेघा, हे सगळं नोट कोरी असेपर्यंत ठीक. मासळीबाजारातून फिरून आलेल्या नोटेवर बोट फिरवून काय कळणार? नोट ओळखून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं मणी (MANI) ॲप १ जानेवारी २०२० ला आलं, ते इंटरनेटशिवाय चालतं आणि तुमच्याकडे आहेही. पण एका हातात नोट, दुसऱ्यात फोन, समोर तीन गिऱ्हाइकं आणि सुट्ट्या पैशांची घाई, अशात ते उघडणार कोण?

उलट यूपीआयचा तो बोलका डबा. तो काही अंधांसाठी बनवलेला नाही, पण तुमच्या मते इतक्या वर्षांत धंद्याला त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची झाली नाही. हे ऐकून एका गटाने रक्कम मोठ्याने सांगणारं पाकीट करायला घेतलं. त्यांना तुम्ही विचारलंत, "गिऱ्हाइकाने दिलेले पैसे रस्त्याला ऐकू आले तर चालतंय. माझ्या गल्ल्यात किती आहेत ते कशाला ऐकवायचं?" त्या पोरांच्या चेहऱ्याचं वर्णन मी पुढच्या चहाला करेन.

दुसऱ्या गटाने ॲक्रिलिकची पट्टी कापली. एका टोकाला नोट अडवणारी कड, नोट तिला टेकवून ताणायची, दुसरं टोक ज्या खाचेशी येईल ती रक्कम. बॅटरी नाही, आवाज नाही, गल्ल्याच्या कडेला स्क्रूने बसते, एका हाताने चालते. मला स्वतःला ती फार साधी वाटली होती, बाहेरच्या परीक्षकांना तर ती 'प्रोजेक्ट' वाटेचना. तुम्ही तिला सर्वांत जास्त गुण दिलेत आणि कारण सांगितलंत की सकाळपासून ती वापरताना तुम्हाला तिची आठवण आली नाही. परीक्षकाची इतकी नेमकी शेरेबाजी मी माझ्या नोकरीत ऐकलेली नाही.

तुमचे आणखी एका गोष्टीसाठी आभार. कोर्स संपल्यावर मुलांनी तुमच्याबरोबर फोटो मागितला, तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "पट्टी तुटली तर कुणाला फोन करायचा?" त्या प्रश्नामुळे आता प्रत्येक गटाला वस्तू देताना एक कागद जोडावा लागतो. दुरुस्ती कोण करणार, माप कुठे ठेवलं आहे, पुढच्या बॅचमध्ये कुणाकडे जबाबदारी. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

नवी बॅच जुलैत येते आहे. मानधनाचा फॉर्म बदलून घेतला आहे, पात्रतेच्या जागी आता 'अनुभव' असा रकाना आहे. गुरुवारचा दुपारचा तास ठेवला आहे, तेव्हा तुमच्याकडे गर्दी कमी असते असं तुम्हीच म्हणाला होतात. आणि तुम्ही ज्या दोन मित्रांना पट्ट्या द्यायला सांगितल्या होत्या, त्यांच्याकडून तक्रार आली आहे की दहा आणि वीसच्या खाचा बोटाला सारख्याच लागतात. वीसची खाच खोल करून नवीन पट्ट्या पुढच्या आठवड्यात पाठवते. तुमचीही तेव्हाच बदलून घ्या.

आपली,
'तुमच्या' वर्गाची मॅडम