बाबा, ती मान हो म्हणून हलली होती ना?

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

दादाच्या हाती पत्र देतेय. फोनवर बाबांना बोलवत नाही, आईला रडू आवरत नाही, आणि समोर असले की मी वाद घालते.

आधी कबुली. नाकातून आतड्यात अन्न सोडायच्या नळीला होकार मी देऊन आले. बाबा, तुम्हाला विचारलं होतं. पण तुमची मान हो म्हणून हलली की नको म्हणून, ते मी माझ्या सोयीनं ठरवलं. डिस्चार्ज मिळाला की दोघं पुण्याला, निदान दोन महिने. तेही ठरलंय.

रेडिएशनचे लाइट संपले, गिळता येतंय, मग नाटकं कसली? हे मीच फोनवर म्हणाले होते. तो शब्द रोज टोचतो. तुम्ही खात नव्हता असं नव्हतंच, पुढची वाट बंद होती.

भूमितीच्या मास्तरांना भूमितीतच सांगते. मणक्यापुढून मोठी धमनी सरळ खाली जाते. तिला पुढे एक फाटा फुटतो, आतड्याला रक्त देणारा. दोघींच्या बेचक्यातून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आडवा जातो. हा कोन एरवी साधारण ३८ ते ६५ अंशांचा. मधली चरबीची गादी तो उघडा धरते. तुमचं वजन ६१ वरून ४३ वर आलं, गादी झिजली, कोन १५ वर मिटला आणि आतडं चिमटीत सापडलं. मग उलट्या, उलट्यांनी वजन आणखी कमी, कोन आणखी लहान. विल्की नावाच्या सर्जननं १९२७ मध्ये अशा ७५ रुग्णांवर लिहिलं, म्हणून याला विल्कीज सिंड्रोम म्हणतात. दुर्मीळ आहे. तुम्हाला साधं काही कधी झालंय?

आई, तुझ्या पेजेत कणी राहिली म्हणून हे झालेलं नाही. डॉक्टरांनी उलटीचा रंग विचारला तेव्हा मी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिलो. तूच म्हणालीस, "हिरवट. आणि पालथे झोपले की कळ थांबते." त्यानंतरच त्यांनी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, सांगितलं.

लगेच ऑपरेशन का नाही, हे दादा तुम्हाला दहादा विचारील. अडलेल्या जागेला वळसा देऊन आतडं जोडता येतं, पण ४३ किलोच्या अंगात जखम भरायला वेळ लागतो. आत्ता नळीचं टोक त्या जागेच्या पलीकडे आहे. वजन चढलं की गादी भरते. नाहीच जमलं तर ऑपरेशन आहे, आणि तेव्हा नीट विचारीन. खरंच विचारीन.

खोली गॅलरीची दिलीय. कमोडशेजारी दांडी बसवली. आरामखुर्ची टेम्पोतून येतेय, पेपर सांगून ठेवलाय. जावई सकाळी सहाला उठतात, त्यामुळे आईला एकटीला चहा प्यावा लागणार नाही.

मला गोवर आला होता तेव्हा मोसंबीचा रस भरवताना बाबा स्वतःच आ करायचे. परवा सिस्टरनं नळीतून अन्न सोडणारा पंप सुरू केला आणि माझ्या लक्षात आलं, माझंच तोंड उघडं होतं.

आता ऐका. पंपाचा वेग कुणीही वाढवायचा नाही. उपाशी अंगाला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात. सारखं रक्त काढतात ते त्यासाठी, सिस्टरवर डोळे वटारू नका. आई, नळीत पेज नाही, ताक नाही, अंगारा तर नाहीच. गोळ्याही मनानं कुटून घालायच्या नाहीत, नळी तुंबते. नाकाशी केलेली खूण रोज बघ, सरकली तर आधी डॉक्टरांना फोन, मग मला. पंप चालू असताना उशाकडची बाजू उंच. बंद असताना डावी कूस. घराची किल्ली काकूंकडे दे. तुळशीला पाणी त्या घालतील, मी बोललेय.

बाबा, चमचाभर चहा जिभेवर ठेवला तर चालेल का, हेही विचारून आलेय. चालेल म्हणाले. तुमच्या पद्धतीचा, दोन चमचे साखर घालून.

तुमची,
चिमी