ट्यूबिंगेनहून येळ्ळूरला

ट्यूबिंगेन, जर्मनी, 16 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-अप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हीटर चालू असतो, दोन्ही वेळा जेवते, काळजी नको.

आई, फोनवर तू विचारलंस, "दिवसभर माशांची अंडी मारतीस काय गं?" घरात माळ आहे, तुला सलतं हे कळतं. पण ऐक. हे झेब्राफिश बोटाच्या दोन पेरांएवढे, निळ्या पट्ट्यांचे, मूळचे आपल्याच देशातले. रात्री नर-मादीमध्ये पडदा घालतो. सकाळी दिवे लागल्यावर काढला की थोड्या वेळात तळाला अंडी दिसतात, काचेसारखी आरपार. 45 मिनिटांत एका पेशीच्या दोन होतात, मग दर 15 मिनिटांनी दुप्पट. सुमारे 1000 पेशी होईपर्यंत, म्हणजे 3 तास, पिल्लाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. तोवर सगळं आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर, म्हणजे तिच्या जनुकांच्या संदेशांवर चालतं. मग त्याची जनुकं जागी होतात आणि आईचे संदेश मोडीत काढू लागतात. नेमकं त्याच वेळी का, हे शोधणं माझं काम. पाणी 28.5 अंशांवर ठेवावं लागतं, गार झालं की सगळं लांबतं. काही अंडी मरतात, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली इवलंसं काळीज धडधडताना दिसतं, तेव्हा खुर्चीवरून उठवत नाही.

आजीच्या वर्षश्राद्धाला आले नाही ते यामुळेच. त्या सूक्ष्मदर्शकाची पाळी मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. मनातून गेलेलं नाही.

इथली एक रीत मात्र अजून उमगत नाही. तिला 'केरवोखं' म्हणतात. 'केर' म्हणजे झाडणं, ऐकायला अगदी आपल्या केरासारखं! पाळी आली की दाराला पाटी लटकते. मग आठवडाभर जिना आपला, दारापुढचा रस्ता आपला, पायऱ्या लख्ख असल्या तरी पुसायच्याच. परवा मी विसरले. खालच्या आजी काही बोलल्या नाहीत, माझ्या दारावरची पाटी तेवढी सरळ करून गेल्या. दहा मिनिटांत बादली घेऊन जिन्यात होते.

अप्पा, सोसायटीच्या हप्त्याचे 40 हजार दादाच्या खात्यावर घातलेत. बासमती पडेल भावात काढू नका. निपाणीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. पण अजून दोन वर्षं इथं आहे, हे त्यांना आधीच सांगा, ताटकळत ठेवू नका. मे महिन्यात येते, समोर बसून बोलू.

आई, कंबर दुखत असताना मळणीला जाऊ नकोस. लोणच्याची बरणी तळाला आलीय. पाठवू नकोस, पार्सलला फार पैसे पडतात.

तुमची,
सुमी