गिल्डफर्ड ते डॉर्किंग : नकाशाने राखलेली वाट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधील ग्रामीण भागातल्या पायी भटकंतीवर आलेला लेख आवडला. मात्र तो वाचून असा समज होतो की तेथील पायवाटा सरकारी जंगलांतून किंवा राखीव उद्यानांतून जातात आणि म्हणूनच त्या सर्वांना खुल्या आहेत. वस्तुस्थिती तशी नाही, आणि जी आहे ती आपल्या वाचकांना कळावी अशी तळमळ असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी मुलीकडे गेले असताना आम्ही दोघी सरे परगण्यातील गिल्डफर्डहून डॉर्किंगपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, एका दिवसात चालत गेलो. यातील बहुतेक अंतर 'नॉर्थ डाउन्स वे' या १९७८ मध्ये खुल्या झालेल्या, फार्नहॅमहून डोव्हरच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या दीर्घ पायवाटेवरचे आहे. गिल्डफर्डमधून निघताना वे नदीच्या काठाने, पूर्वी घोडे नावा ओढत त्या वाटेने जावे लागते. पुढे सेंट मार्थाची टेकडी लागते. तिच्या माथ्यावरच्या चर्चपर्यंत आजही डांबरी रस्ता नाही. या टेकडीची माती वाळूची आहे, पण तिथून उतरून न्यूलँड्स कॉर्नरला चढले की पायाखाली पांढरी चुनखडी लागते आणि ती थेट डॉर्किंगपर्यंत सोबत करते. पावसानंतर ही चुनखडी साबणासारखी निसरडी होते, त्यामुळे ज्येष्ठांनी काठी अवश्य न्यावी. न्यूलँड्स कॉर्नरनंतर कड्यावर खाण्यापिण्याची सोय नाही, परंतु कोणी थकलेच तर खाली दरीतल्या गोमशॉल स्थानकावर उतरून रेल्वेने परत जाता येते. उजव्या हाताला दक्षिणेकडचा सखल प्रदेश आणि पलीकडे लीथ हिल दिसत राहते. व्हाइट डाउनच्या उतारावर १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने बांधलेल्या सैनिकांना आतून गोळीबार करता यावा अशा विटा-काँक्रीटच्या कोठड्या झाडीत अजून उभ्या आहेत.

रॅनमोरचे चर्च मागे टाकल्यावर वाट डेनबीजच्या द्राक्षमळ्यात शिरली, आणि तिथे मी खरोखर थबकले. आमची स्वतःची द्राक्षबाग आहे. तिला तारेचे कुंपण आहे, आणि माल उतरण्याच्या दिवसांत बागेत परका माणूस दिसला तर त्याची चौकशी होते. परक्याच्या बुटांबरोबर रोग येईल ही भीतीही असतेच. इथे मात्र इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या बागांपैकी एका बागेच्या आवारातून अनोळखी माणसे कुत्री घेऊन निवांत चालली होती आणि त्यांना कोणी हटकत नव्हते.

या निर्धास्तपणामागे मालकाच्या औदार्यापेक्षा कायदा अधिक आहे. १९४९च्या कायद्याने प्रत्येक काउंटी (परगणा) परिषदेवर आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. त्या नकाशावर वाट एकदा नोंदली गेली की जमीन कोणाचीही असो, रीतसर कायदेशीर आदेशाशिवाय ती बंद करता येत नाही किंवा हलवता येत नाही. शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा नांगरल्यानंतर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. लोक एखाद्या वाटेने विनापरवानगी, उघडपणे आणि अखंड २० वर्षे जात असतील, तर ती सार्वजनिक करण्याचा आपला हेतू नसल्याचे मालकाने दाखवून दिले नसल्यास ती सार्वजनिक मानली जाते. चालणाऱ्यावरही बंधन आहे, कारण त्याचा हक्क त्या वाटेपुरताच असतो आणि शेजारच्या पिकात पाऊल टाकण्याची मुभा त्याला नसते. अशा नोंदलेल्या वाटा इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत.

आपल्या गाव नकाशांवरही गाडीवाटा आणि पाऊलवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, परंतु दर हंगामात बांध सरकत जातो आणि पाणंद अरुंद होत जाते, हे शिवारात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तहसीलदारांकडे दाद मागता येते. ती मागतो तो बहुधा ज्याचे स्वतःचे शेत आत अडकले आहे तो शेतकरी, आणि वाद दोन खातेदारांचा ठरतो. शाळेत चालत जाणाऱ्या मुलीची किंवा यात्रेला निघालेल्या म्हातारीची बाजू त्यात कोणी मांडत नाही. गिल्डफर्डच्या वाटेवर चालणाऱ्या कोणालाही, माझ्यासारख्या परदेशी बाईलासुद्धा, अडवलेल्या पायवाटेबद्दल परिषदेकडे तक्रार करता येते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या पुरवणीत पुन्हा अशी माहिती द्याल तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेच्या 'एक्सप्लोरर' मालिकेतील नकाशांचे क्रमांक कृपया द्यावेत. या वाटेसाठी १४५ आणि १४६ हे दोन नकाशे लागतात, आणि सार्वजनिक पायवाटा त्यांवर हिरव्या तुटक रेषांनी छापलेल्या आहेत. त्याच अंकात शेजारी आपल्याकडील एखाद्या गावाचा गाव नकाशा छापून त्यावरच्या किती तुटक रेषा आज प्रत्यक्ष शिवारात चालता येतात, हे आपल्या वार्ताहरांनी पाहून लिहावे, अशी विनंती करते.

आपली,
एक वाचक,
निफाड, जि. नाशिक